आईच्या बीपीसाठी सगळ्या घराचं मीठ बदलावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आईंचं वय 62, बीपीसाठी टेल्मिसार्टनची गोळी सुरू. मोबाइलवर आलेला मेसेज वाचून त्यांनी घरातलं पांढरं मीठ बंद केलं आणि लक्ष्मीपुरीतून तीन किलो सैंधव आणलं. आता सगळा स्वयंपाक त्यातच होतो. शिवाय आई रोज सकाळी कोमट पाण्यात अर्धा चमचा सैंधव घालून पितात. तुमची पत्नी पाचव्या महिन्यात आहे, मुलगी सहा वर्षांची आहे. घरात महिन्याला दीड किलो मीठ लागतं. तुम्हाला हवंय ते एवढंच, की सैंधव चांगलं की साधं मीठ, आणि सैंधवाने बीपी खरंच उतरतं का.

मी कोल्हापुरात आहारतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत बीपी, शुगर आणि किडनीचे पेशंट जास्त. सैंधवाचा प्रश्न त्यातल्या बहुतेक घरांत निघतोच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तातडीचं. ते सकाळचं मिठाचं पाणी आजपासून बंद करा. अर्धा चमचा बारीक सैंधव म्हणजे अडीच ते तीन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. म्हणजे आईंच्या वाट्याचं निम्मं मीठ चहाच्या आधीच पोटात जातं, आणि तेही बीपीवरचा उपाय म्हणून. बाकीचं सगळं सावकाश ठरवता येईल, एवढं मात्र थांबवाच.

आता मूळ मुद्दा. तुम्ही दोन मिठांची तुलना विचारली आहे, पण तुमच्या घरात दोन वेगळे प्रश्न एकाच बरणीत आलेत. आईंसाठी मुद्दा सोडियमचा आहे, म्हणजे मिठातल्या बीपी वाढवणाऱ्या घटकाचा. तुमच्या पत्नीसाठी आणि पोटातल्या बाळासाठी मुद्दा आयोडीनचा आहे. सैंधव आणल्याने पहिला प्रश्न सुटत नाही आणि दुसरा नव्याने उभा राहतो. असं का म्हणते ते कळायला हे मीठ येतं कुठून आणि त्यात असतं काय, हे बघू.

सैंधव हे खाणीतलं मीठ. कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ समुद्र आटले, मिठाचे थर बसले, त्यावर माती आणि खडक चढले आणि पुढे जमिनीच्या उलथापालथीत ते थर वर आले. आपल्या बाजारात पूर्वापार येणारं गुलाबी सैंधव मुख्यतः पाकिस्तानी पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतलं, त्यातही खेवडा इथल्या खाणीतलं. तिथले थर 50 कोटी वर्षांहून जुने आहेत. सिकंदराच्या सैन्यातले घोडे दगड चाटायला लागले आणि त्यातून मिठाचा पत्ता लागला, अशी आख्यायिका तिथे सांगतात. पद्धतशीर खाणकाम इंग्रजांच्या काळातलं. 1872 मध्ये वार्थ नावाच्या अभियंत्याने मुख्य बोगदा आखला. आजही तिथे साधारण निम्मं मीठ काढतात आणि निम्मं छताला आधार म्हणून खांबांच्या रूपात जागेवरच ठेवतात.

पाकिटावर ‘हिमालयीन’ लिहिलेलं असतं, त्यामुळे लोकांच्या डोळ्यांसमोर बर्फाची शिखरं येतात आणि त्यासोबत शुद्धतेची कल्पनाही येते. खेवडा समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरसुद्धा उंच नाही. आपलं कोल्हापूर त्याहून उंचावर आहे. आपल्या देशात हिमाचलच्या मंडी जिल्ह्यात द्रंग आणि गुम्मा इथे खाणी आहेत, पण त्यांचं उत्पादन देशाच्या मागणीपुढे फारच थोडं. 2019 मध्ये पाकिस्तानी मालावर 200 टक्के आयातशुल्क लागलं आणि मे 2025 मध्ये तिथून होणारी आयात, दुसऱ्या देशामार्गे येणारीसुद्धा, बंद झाली. त्यामुळे सध्या पाकिटात कुठल्या देशातलं मीठ आहे ते लेबल वाचल्याशिवाय सांगता येत नाही, आणि सुट्ट्या मालाला तर लेबलच नसतं.

दुकानात आणखी एक घोटाळा होतो. सैंधवाला इंग्रजीत रॉक सॉल्ट म्हणतात. रॉक सॉल्ट म्हणजे दगडासारखं मीठ, असं समजून काही जण जाडं मीठ घेऊन येतात. जाडं किंवा खडे मीठ हे समुद्राचं, मिठागरातलं. 1930 च्या सत्याग्रहामुळे ज्याचं नाव झालं त्या शिरोड्यासारख्या ठिकाणी वाफ्यात पाणी आटवून ते करतात. पावसाळ्यात या मिठाला पाणी सुटतं, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. सैंधव तितकं ओलावत नाही. काळं मीठ, म्हणजे पादेलोण, हे आणखी तिसरंच. त्याला तो उग्र वास गंधकाच्या संयुगांमुळे येतो. तिघांचं मूळ वेगळं, चव वेगळी, पण तिघांतही मुख्य पदार्थ एकच: सोडियम क्लोराइड.

हे माझ्या शब्दावर घेऊ नका. घरातली दोन्ही पाकिटं मागच्या बाजूला वळवा आणि 100 ग्रॅममध्ये सोडियम किती, ते वाचा. साध्या मिठावर 38-39 ग्रॅमच्या आसपास आकडा दिसेल. सैंधवावर त्याच्या जवळपासच, फार तर एखाद-दोन ग्रॅम कमी. आईंच्या रक्तवाहिन्यांना आणि मूत्रपिंडांना हा फरक जाणवण्याइतका नाही. गुलाबी रंग येतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे. त्या लोहाने हिमोग्लोबिन वाढेल अशी आशा ठेवू नये, इतकं ते थोडं असतं.

‘सैंधवात 84 खनिजं असतात’ हे त्या मेसेजमध्ये नक्की असणार. खनिजं असतात, ते खोटं नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे. पोटॅशियमचंच घ्या, कारण बीपीला ते खरोखर उपयोगी. पाच ग्रॅम सैंधवातून ते 10-20 मिलिग्रॅम मिळेल. एका मध्यम केळ्यात साडेतीनशे-चारशे मिलिग्रॅम असतं. दिवसाची गरज साडेतीन हजारांच्या घरातली. ऑस्ट्रेलियात 2020 साली गुलाबी मिठाचे 31 नमुने तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खनिजांचा काही अर्थपूर्ण वाटा मिळायला रोज 30 ग्रॅमपेक्षा जास्त मीठ खावं लागेल, असा त्याचा निष्कर्ष होता. तेवढं मीठ खाणं कुणालाच परवडणारं नाही. त्यातल्या एका नमुन्यात शिसं तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. एका नमुन्यावरून सगळं सैंधव वाईट ठरत नाही, पण ‘जमिनीतून आलं म्हणजे निर्भेळ’ हे गृहीत धरू नये, एवढं त्यातून कळतं.

आता पांढऱ्या मिठाबद्दलची भीती. ते ‘केमिकलने पांढरं केलेलं विष’ आहे असं सांगतात. समुद्राचं किंवा खाऱ्या विहिरींचं मीठ धुऊन, पुन्हा विरघळवून, आटवून त्याचे स्फटिक करतात. त्यातली माती आणि इतर क्षार गेले की ते पांढरंच दिसतं. गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात काही पदार्थ मिसळतात. त्यातल्या फेरोसायनाइड या नावावरून घबराट पसरवली जाते. त्यातला सायनाइड लोहाला इतका घट्ट बांधलेला असतो की पोटात तो सुटा होत नाही, आणि प्रमाणही कायद्याने ठरवलेलं, अगदी अत्यल्प. पांढऱ्या मिठाचा दोष एकच, आणि तो सैंधवातही तितकाच आहे: आपण ते फार खातो.

सैंधवावर गेल्यापासून बीपी उतरलं, असं सांगणारे पेशंट मला भेटतात. ते खोटं बोलत नसतात. मी त्यांना विचारत जाते तेव्हा बहुतेक वेळा असं निघतं की त्याच महिन्यात पापड-लोणचं कमी झालं, चालायला सुरुवात झाली, किंवा विसरली जाणारी गोळी नियमित झाली. सैंधव भरड असेल तर चमच्यात मावतंही कमी. बारीक मिठाचा चमचा आणि भरड खड्यांचा चमचा वजनाला सारखे नसतात. त्यामुळे नकळत मीठ घटतं. याच्या उलटही दिसतं. ‘हे चालतं’ म्हणून ताकात, काकडीवर, पेरूच्या फोडीवर मोकळ्या हाताने सैंधव पडतं आणि बीपी हलायचं नाव घेत नाही. तुमच्या आईंचं सकाळचं पाणी याच जातीतलं.

आयुर्वेदाचा आधार देऊन आई वाद घालतील, तर त्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. चरकसंहितेत मिठांमध्ये सैंधव सर्वांत हितकर म्हटलंय. हिंग्वाष्टक चूर्णात ते आहे, लवणभास्करात इतर मिठांच्या जोडीने आहे. पण त्याच संहितेत विमानस्थान नावाच्या भागाच्या पहिल्या अध्यायात तीन गोष्टी अति वापरू नयेत असं सांगितलंय: पिंपळी, क्षार आणि लवण. मिठाचा अतिरेक केल्याने शरीर शिथिल आणि दुबळं होतं, असं सांगताना उदाहरण दिलंय ते बाल्हीक, सौराष्ट्र, सिंधू आणि सौवीर इथल्या लोकांचं. ते दुधाबरोबरसुद्धा मीठ खातात, असं तिथे म्हटलंय. सैंधव ज्या मुलखातलं, त्याच मुलखातल्या लोकांना अतिरेकाबद्दल ही सूचना आहे. माझ्याकडे येणाऱ्या वयस्कर मंडळींना मी हे सांगते तेव्हा ते शांतपणे ऐकून घेतात, कारण बोलणं त्यांच्याच परंपरेतलं असतं. आई रोज जेवणानंतर लवणभास्कर किंवा तत्सम चूर्ण घेत असतील तर तेही मिठाच्या हिशोबात धरा आणि ज्यांनी ते दिलं त्या वैद्यांना बीपीचं सांगा. त्यांनी काही विशिष्ट कारणासाठी, ठरावीक दिवसांसाठी दिलं असेल तर तो निर्णय त्यांचा.

तर मग मीठ किती, हा खरा प्रश्न. तुमचा दीड किलोचा आकडा फार उपयोगाचा आहे. दीड किलो भागिले 30 दिवस, म्हणजे दिवसाला 50 ग्रॅम. चौघांत वाटलं तर माणशी साडेबारा. लोणच्या-खाऱ्यात आणि भाज्या धुण्यात थोडं वाया जातं हे धरलं, तरी मर्यादेच्या दुपटीच्या आसपास तुम्ही आहात. तुमच्या चौघांसाठी, मुलीचं कमी धरून, महिन्याला साधारण अर्धा किलो पुरायला हवं, आणि त्यात बाहेरचं खाणंही आलं.

इथे आपल्या कोल्हापुरी ताटाचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. आपली कांदा-लसूण चटणी उन्हाळ्यात वर्षाची होते आणि टिकावी म्हणून डंकावर कुटताना तिच्यात खडे मीठ पडतं. समजा एक किलो मिरचीला पाव किलो मीठ घातलं आणि खोबरं, तीळ, कांदा, लसूण, गरम मसाला मिळून चटणी अडीच किलो भरली, तर दर दहा ग्रॅम चटणीत एक ग्रॅम मीठ झालं. आमटीत दोन मोठे चमचे चटणी पडते, मग त्यावर पुन्हा सवयीने मीठ. हे चटणीतलं मीठ कुणी मोजत नाही. वर्षभराच्या बरणीतलं मीठ तुम्ही आता बदलू शकत नाही, म्हणून वरून घालायचं मीठ कमी करा. येत्या उन्हाळ्यात चटणी करताना मीठ थोडं कमी घाला आणि त्यातली थोडी-थोडी काढून बाकीची फ्रीजमध्ये ठेवा.

मटणाच्या दिवशी तांबड्यात मीठ, पांढऱ्यात मीठ, सुक्क्यात मीठ, भातात मीठ. मिसळीत कटाला मीठ, फरसाणात मीठ आणि सोबतच्या ब्रेडमध्येही मीठ. हे सोडा असं मी कुणाला सांगत नाही, कारण कोणी सोडत नाही, आणि सोडायची गरजही नाही. मी एवढंच सांगते, की त्या दिवशी आईंनी दोन वाट्या रस्सा वरपू नये, भात अळणी करावा, आणि दुसऱ्या जेवणाला भाकरी, बिनमिठाचं दही आणि कमी मिठाची भाजी असावी. आपल्या भाकरीत मीठ नसतं, ही आपली फार चांगली सवय आहे. चपातीच्या कणकेतलंही काढून टाका, चवीत काही बिघडत नाही. पानात वाढायचं मीठ बंद करा. लिंबू मात्र राहू द्या. आंबटपणा वाढला की मीठ कमी असल्याचं जिभेला तितकं जाणवत नाही, म्हणून आमसूल, चिंच, लिंबू, टोमॅटो यांचा हात जरा सैल ठेवा.

मोजायची माझी पद्धत साधी आहे. मी पेशंटना घरातली मिठाची बरणी आणि चमचा घेऊन यायला सांगते. एक मावशी चिनी मातीची बरणी पदराखाली धरून आल्या होत्या. आमटीला ‘एक चमचा’ घालते म्हणाल्या. त्यांना जसा घालता तसाच भरायला सांगितलं. चमचा शिगोशीग भरला. काट्यावर आठ ग्रॅमच्या वर गेला. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. आता त्यांच्याकडे सपाट भरायचा एक छोटा चमचा आहे आणि सकाळीच दिवसाचं मीठ एका वाटीत काढून ठेवलेलं असतं; सगळा स्वयंपाक त्यातूनच करायचा. तुम्ही हेच करा. एकदम निम्म्यावर येऊ नका, जेवण बेचव लागतं आणि चार दिवसांत सगळे मूळपदावर येतात. दर आठवड्याला थोडं कमी करा. काही आठवड्यांत जीभ सरावते आणि मग पूर्वीचं जेवण खारट वाटायला लागतं.

मीठ पूर्ण तोडणं मात्र नको. बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे सोडियम बाहेर टाकतात. अशी गोळी घेणाऱ्या वयस्कर माणसाने अळणीच खायला सुरुवात केली तर रक्तातलं सोडियम घसरून भ्रम, तोल जाणं, उलट्या असे प्रकार होऊ शकतात. टेल्मिसार्टनबरोबर एकाच गोळीत दुसरं औषध असतं कधीकधी. गोळीच्या पट्टीचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. उन्हात शेतात राबणाऱ्या माणसाचं, जुलाब-उलट्या झालेल्या माणसाचं गणितही वेगळं. आईंची किडनी कशी आहे, पायाला सूज असते का, यावरही बरंच अवलंबून आहे, आणि ते मला इथून दिसत नाही.

आता तुमच्या पत्नीबद्दल. या उत्तरातला हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तुमच्या प्रश्नात तो जवळजवळ आलेलाच नाही.

थायरॉइड ग्रंथीला हार्मोन बनवायला आयोडीन लागतं. मोठ्या माणसाला रोज 150 मायक्रोग्रॅम, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला 250. पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ या हार्मोनवर अवलंबून असते आणि सुरुवातीच्या महिन्यांत ते बाळाला आईकडूनच मिळतं. कमतरता फार असेल तर गर्भपात, मृतजन्म, मुलाची बुद्धी आणि ऐकणं यांवर कायमचा परिणाम, इथवर गोष्टी जातात. थोड्या कमतरतेत बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणूनच ती लक्षात येत नाही.

आपल्या देशाने हे फार जवळून पाहिलंय. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात गलगंडाचं प्रमाण प्रचंड होतं. 1956 पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या काही भागांत आयोडीनयुक्त मीठ आणि एका भागात साधं मीठ देऊन वर्षानुवर्षं पाहणी केली. आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड झपाट्याने घटला. त्या पायावर 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि 2006 पासून खाण्यासाठी आयोडीन नसलेलं साधं मीठ विकायला देशभर बंदी आहे. आज रस्त्यात मोठा गलगंड झालेला माणूस क्वचित दिसतो, त्यामागे हे साधं पांढरं मीठ आहे. त्याला विष म्हणणारा मेसेज पुढे पाठवताना हे आठवावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सैंधवात नैसर्गिक आयोडीन नगण्य असतं. काही कंपन्या वरून मिसळतात, बऱ्याच मिसळत नाहीत. पाकिटावर लिहिलेलं असतं, सुट्ट्या सैंधवात ते नाही असंच धरून चाला. चटणीतलं आणि लोणच्यातलं खडे मीठसुद्धा बऱ्याचदा बिनआयोडीनचं असतं. जमिनीतलं आयोडीन जोराच्या पावसाने वाहून जातं, आणि आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला, गगनबावडा-राधानगरीकडे पाऊस किती पडतो हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून भाजी-भाकरीतून ते मिळेल या भरवशावर मी कुणाला ठेवत नाही. समुद्राचे मासे, अंडी, दूध, दही यांतून काही मिळतं. तुमच्या घरी मासे होत असतील तर आठवड्यातून दोनदा करा.

इथे एक अडचण येते. नियमाप्रमाणे ग्राहकाच्या हातात मीठ पडतं तेव्हा त्यात दर ग्रॅमला निदान 15 मायक्रोग्रॅम आयोडीन असायला हवं. पत्नीने 5 ग्रॅम मीठ खाल्लं तर 75 मिळाले, गरज 250 ची. म्हणून तिने मीठ वाढवावं असं अजिबात नाही. गरोदरपणात जी गोळी सुरू आहे तिच्यात आयोडीन आहे का, हे तिच्या डॉक्टरांना याच भेटीत विचारा, आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर तेही विचारा. तिला आधीच थायरॉइडची गोळी चालू असेल, तरी ‘आयोडीन बंद करा’ हा सल्ला सरसकट नसतो. तो काही ठरावीक आजारांत आणि ठरावीक उपचारांआधी डॉक्टर देतात. आपल्या मनाने बंद करू नये. सहा वर्षांच्या मुलीलाही हेच लागू, तिची वाढ चालू आहे.

आयोडीनचं मीठ घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसपासून लांब ठेवा आणि शक्यतो भाजी उतरवताना घाला. उघड्या, ओलसर मिठातून आयोडीन उडतं किंवा पाण्यासोबत निघून जातं.

पुढचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण दुकानदार सुचवणार आहे: ‘लो सोडियम’ मीठ. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. सैंधवाबद्दल जे दावे केले जातात, ते काही प्रमाणात या मिठाला लागू पडतात. चीनमधल्या 600 खेड्यांत केलेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्के कमी आढळलं. पण तुमच्या आईंसाठी ते परस्पर आणू नका. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या शरीरात पोटॅशियम साठवून ठेवतात. त्यात किडनी थोडी कमजोर असेल आणि वर हे मीठ सुरू झालं, तर पोटॅशियम वाढून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. आधी रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासा, डॉक्टरांना विचारा, मग ठरवा. गरोदर पत्नी आणि मुलीलाही ते मीठ नको. जागतिक आरोग्य संघटनेने 2025 च्या सूचनेत गरोदर स्त्रिया, मुलं आणि किडनीचे रुग्ण यांना त्यातून वगळलंय.

मग सैंधव घरात ठेवायचंच नाही का? ठेवा की. त्याची चव मऊ असते, मलाही ताकात तेच आवडतं. सोमवारच्या किंवा नवरात्राच्या उपवासाला तुमच्याकडे सैंधवच चालत असेल तर खुशाल वापरा. उपवासाच्या चार-दोन दिवसांनी आयोडीन कमी पडत नाही. फक्त साबुदाण्याची खिचडी, तळलेले पापड आणि वेफर्स यांत मिळून मीठ किती जातं तेवढं बघा, कारण उपवासाच्या दिवशीही बीपी तेच असतं. घसा दुखत असेल तर गुळण्यांना सैंधव चालेल, साधंही चालेल. मिठाच्या पुरचुंडीने शेकायचं तर कुठलंही मीठ ऊब सारखीच धरतं, त्यासाठी महागाचं आणू नका. गोठ्यात म्हशीपुढे टांगायला सैंधवाचा दगड लोक नेतात. चाटायला चांगला, पण त्यातून सगळी खनिजं मिळत नाहीत, जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं खनिज मिश्रण वेगळं द्यावं लागतं.

तुमच्या घरासाठी मी असं करेन. रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनचं साधं मीठ, चौघांचं मिळून दिवसाला 17-18 ग्रॅम, सकाळीच वाटीत काढलेलं. तिथपर्यंत दोन-अडीच महिन्यांत पोचा. आईंचं बीपी घरच्या यंत्रावर रोज ठरल्या वेळी, पाच मिनिटं बसून, मोजा आणि वहीत लिहा. मीठ कमी झाल्यावर आकडे खाली येऊ लागले, तर गोळीचा डोस कमी करायचा का ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही ठरवू नका.

आता उरलेलं सैंधव. ते फेकू नका. आधी एक चमचा काचेच्या ग्लासात पाण्यात विरघळवून अर्धा तास ठेवा. वरचं पाणी स्वच्छ राहून तळाशी थोडी तांबूस माती बसली तर ठीक. सगळं पाणीच गुलाबी झालं, तर रंग लावलेला असण्याची शक्यता आहे. ते खाण्यात वापरू नका. चांगलं निघालं तर दगडाचे तुकडे बरणीत भरून कोरड्या जागी ठेवा, ते वर्षानुवर्षं खराब होत नाही. उपवासाला आणि ताकाला लागेल तसं खलबत्त्यात कुटून घ्या. आईंना फार वाटत असेल तर त्यांच्या एका वाटी ताकात चिमूटभर घाला, आणि तेवढं मीठ त्यांच्या दिवसाच्या वाट्यातून कमी करा.